झॉर्झ व्हेझिना

झॉर्झ व्हेझिना (१८८७–१९२६) : माँट्रियल कनेडियन्स या व्यावसायिक आइस हॉकी संघाचे गोलरक्षक. जन्म कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील शिकूतिमी येथे. गावच्या संघात ते साधे बूट घालून गोल राखत. स्केट्स वापरू लागले ते अठराव्या वर्षाच्या सुमारास. १९१० मध्ये कनेडियन्स संघ शिकूतिमीत प्रदर्शनी सामना खेळायला आला आणि गावच्या संघाकडून हरला. त्याच वर्षाअखेर व्हेझिना कनेडियन्सकडे आले.

त्या काळी गोलरक्षकाच्या तोंडावर मुखवटा नसे आणि चकती अडवायला बर्फावर पडलेलेही चालत नसे. नॅशनल हॉकी लीगने ही बंदी जानेवारी १९१८ मध्ये उठवली, तरी व्हेझिनांनी उभ्यानेच, काठीने चकती थोपवण्याची आपली रीत सोडली नाही. लीगमधला पहिला ‘शून्य गोल’ सामनाही त्यांच्याच नावावर आहे (फेब्रुवारी १९१८). १९१६ आणि १९२४ मध्ये संघाने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा गोलमध्ये तेच होते.

पंधरा हंगामांत त्यांचा एकही सामना चुकला नाही. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी मात्र अंगात ताप असताना ते खेळायला उतरले आणि सामना अर्धवट सोडावा लागला. निदान क्षयाचे निघाले. चार महिन्यांत, २७ मार्च १९२६ रोजी, शिकूतिमीत त्यांचे निधन झाले. त्यांना बावीस मुले होती, ही पुष्कळ ठिकाणी छापली गेलेली गोष्ट खरी नाही. मुलगे दोनच होते. १९२६–२७ च्या हंगामापासून लीगमधील सर्वोत्तम गोलरक्षकाला व्हेझिना करंडक दिला जातो.