अभ्यासाने पाळी बिघडते का? दीडशे वर्षांपूर्वीचा एक वाद

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न नेहमीचा असतो. मुलगी आठवी-नववीत आहे, न्हाण येऊन वर्ष झालं, पण पाळीचा काही मेळ लागत नाही. कधी दीड महिना येत नाही, तर कधी बावीस दिवसांतच येते. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, सारखं पुस्तकात डोकं घालून बसते म्हणून. कुणी म्हणतं, सायकल चालवते म्हणून. आणि एखादी आजी हमखास म्हणते, "लग्न झालं की होईल सुरळीत."

यातली पुस्तकाची समजूत फक्त आपल्या गावची नाही बरं का. एकेकाळी ती मोठ्या डॉक्टरांनी छापून सांगितली होती, आणि एका बाईने ती तपासून खोडून काढली होती. आज त्याचीच हकिकत सांगतो.

अमेरिकेत बॉस्टन नावाचं शहर आहे. तिथे डॉ. एडवर्ड क्लार्क यांचं मोठं नाव होतं. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवत असत. मुली कॉलेजात जाऊ लागल्या होत्या आणि आम्हालाही डॉक्टर व्हायचंय म्हणून दार ठोठावत होत्या, तो हा काळ. १८७३ साली क्लार्कसाहेबांनी एक पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं, की शरीराला एका वेळी दोन कामं नीट जमत नाहीत. वयात येताना मुलीचं गर्भाशय आणि बीजकोश तयार होत असतात. त्याच वेळी तिने मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला तर सगळी ताकद डोक्याकडे जाते, पाळी बिघडते आणि पुढे मूल होणंही अवघड होतं. म्हणून मुलींनी कमी तास शिकावं आणि दर चौथ्या आठवड्याला विश्रांती घ्यावी.

पुस्तक हातोहात खपलं, आवृत्तीमागून आवृत्ती निघाली. पुरावा काय, तर मोजक्या आजारी मुलींच्या कहाण्या! दवाखान्यात आजारी माणूसच येणार ना? शिकूनही ठणठणीत राहिलेल्या मुली डॉक्टरांकडे कशाला जातील? शिवाय सूत गिरण्यांत दिवसभर उभ्या राहून राबणाऱ्या मुलींना दर चौथ्या आठवड्याला सुट्टी द्या, म्हणून एवढी आरडाओरड कुणी केली नाही. विश्रांतीची आठवण झाली ती मुलीच्या हाती पुस्तक आल्यावर.

पुढे हार्वर्डनेच बक्षिसाच्या निबंधासाठी विषय ठेवला: पाळीच्या दिवसांत बायकांना विश्रांतीची गरज आहे का, आणि किती? न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पुटनम जेकोबी यांनी हा विषय घेतला. त्यांनी सरळ बायकांनाच विचारायचं ठरवलं. एक हजार प्रश्नपत्रिका वाटल्या, त्यातल्या २६८ भरून परत आल्या. पाळीत दुखतं का, किती चालू शकता, शाळा किती शिकलात, काम काय करता, असे प्रश्न होते. काही बायकांची नाडी आणि अंगातली ताकद महिनाभर मोजली. निघालं असं, की जिचं खाणंपिणं नीट आहे तिला पाळीमुळे काम किंवा अभ्यास सोडायची गरज नाही. लहानपणी हिंडल्या-फिरलेल्या, चांगलं शिकलेल्या, हाताला काम असलेल्या बायकांना उलट त्रास कमी होता. निबंधावर नाव घालायचं नसे. १८७६ साली बक्षीस मिळालं ते या बाईंना, आणि तेही मुलींना वैद्यकी शिकायला प्रवेश न देणाऱ्या हार्वर्डचं.

या जेकोबीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या होत्या. त्याच महाविद्यालयातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. आपल्याकडे तेव्हा पाळी आली की मुलगी सासरी धाडायची. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. नवऱ्याने बायकोजवळ जाण्यासाठी तिचं वय किमान दहा होतं ते बारा केलं, तर एवढ्यावरूनही केवढा गदारोळ उठला! न्हाण आलं की गर्भाधान झालंच पाहिजे, असं विरोधक म्हणत. तिकडे पाळीच्या नावाने शाळा बंद, इकडे पाळीच्या नावाने सासर. आजीचं ते वाक्य याच वाटेने आपल्यापर्यंत आलं असावं, असं आम्हाला वाटतं.

आता आज काय माहीत आहे ते बघू. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही. मेंदू आणि बीजकोश यांची घडी अजून बसायची असते. बीज पडलं नाही की गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि उशिरा गळतं, कधी जास्तच गळतं. म्हणून या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. शाळेने ते बिघडत नाही आणि लग्नाने सुधारत नाही. मोठा मानसिक धक्का, फार अंगमेहनत आणि उपासमार यांनी मात्र पाळी थांबू शकते. जेकोबीबाई खाण्यावर जोर देत होत्या तो उगीच नाही. आपल्याकडे ताटात शेवटी कुणाला वाढलं जातं ते तुम्हाला ठाऊक आहे.

दाखवायला कधी न्यायचं? तीन महिने पाळी आलीच नाही, रक्त सात दिवसांपेक्षा जास्त गेलं, तासा-दोन तासाला घडी किंवा पॅड भिजतंय, चक्कर येतेय, एकविसाच्या आत वारंवार येतेय, किंवा पंधरा पूर्ण होऊनही न्हाण आलं नाही, तर आशाताईंना सांगा आणि सरकारी दवाखान्यात न्या. हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलीवर कुणी जबरदस्ती केल्याची शंका असेल तर पाळी चुकायची वाटच बघू नका, त्याच दिवशी न्या. आणि एरवी वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहायला तिला आत्ताच शिकवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, मागची पाळी कधी आली होती?