आर्सेनिकचं पाणी आणि एकत्र संशोधनाचा पैसा



आम्ही शहराबाहेर घर घेतलं आणि नळाला येणारं पाणी अंगणातल्या बोअरचं आहे, हे सह्या झाल्यावरच नीट लक्षात आलं! त्या निमित्ताने जे वाचन झालं त्यातली ही माहिती.

न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनाल वस्तीखाली पुरलेल्या रासायनिक कचऱ्याचं प्रकरण 1978 साली गाजलं. त्यातून 1980 साली 'सुपरफंड' कायदा आला आणि 1986 च्या दुरुस्तीने संशोधनासाठी वेगळा निधी ठेवला गेला. तो केंद्र सरकारची पर्यावरण-आरोग्य संशोधन संस्था वाटते. अट अशी, की विद्यापीठाच्या अर्जात वैद्यकीय प्रकल्पही हवेत आणि भूशास्त्र, इंजिनिअरिंगसारखे बिगर-वैद्यकीयही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही अट लगेच पटली. दोन टीम्स वेगवेगळ्या बसल्या की इंटिग्रेशनच्या दिवशी काय रडारड होते, ते आम्ही जाणतो.

2000 साली कोलंबिया विद्यापीठाने याच निधीतून बांगलादेशात, ढाक्याजवळच्या आराईहाजारमध्ये काम सुरू केलं. तळ्याच्या पाण्यातून जुलाब, कॉलरा होतो म्हणून त्या देशात लाखो हापसे बसवले गेले होते. पुढे त्याच पाण्यात आर्सेनिक सापडलं. डॉक्टरांनी सुमारे 12 हजार माणसं तपासायला घेतली, भूगर्भवाल्यांनी सुमारे 6 हजार हापसे. निम्म्याहून अधिक हापसे तिथल्या मर्यादेबाहेर, म्हणजे लिटरला 50 मायक्रोग्रॅमच्या वर निघाले.

पण नकाशावर मांडल्यावर दिसलं, की चांगले आणि वाईट हापसे एकमेकांत मिसळलेले आहेत. जवळजवळ 90 टक्के लोकांच्या घरापासून 100 मीटरच्या आत एक चांगला हापसा होता! नुसत्या डॉक्टरांना आजार दिसला असता, नुसत्या भूगर्भवाल्यांना खडक आणि वाळू. दोघं एकत्र होते म्हणून 'शेजारच्या हापशाचं पाणी भरा' हा बिनखर्चाचा उपाय सुचला. लोक तो ऐकतात का, हे अर्थशास्त्रज्ञांनी पाहिलं. वाईट हापसा असलेल्यांपैकी सुमारे 60 टक्क्यांनी हापसा बदलला. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरलाच. दुसऱ्याच्या दारात रोज घागर घेऊन जाणं सोपं नसतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

न्यू हॅम्पशायरच्या डार्टमथ कॉलेजातही याच निधीतून घरगुती विहिरींमधल्या आर्सेनिकवर काम झालं. अमेरिकेत सार्वजनिक पाण्याला 2006 पासून 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे (न्यू जर्सीत 5). खाजगी बोअरला मात्र केंद्राचा हा नियम लागू नाही. तपासणी ज्याची त्याने करायची. शेजाऱ्याचा रिपोर्ट चालत नाही, कारण वर सांगितलंच. आणि पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं.

आमचा आकडा 10 च्या वर निघाला. सिंकखाली आर.ओ. बसवून घेतला आहे आणि त्यातून येणारं पाणीही प्रयोगशाळेत दिलं आहे.