आकाशातील शस्त्र : पहिली सात वर्षे

भंडारा जिल्ह्याला विमानाचे नवल राहिलेले नाही. शेजारच्या नागपुरात भारतीय वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे आणि आपल्याच जिल्ह्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, संरक्षण दलांसाठी स्फोटके तयार होतात. त्यामुळे हवाई युद्धाचा इतिहास हा आपल्याला परका विषय नव्हे. त्या इतिहासाच्या पहिल्या सात वर्षांकडे, म्हणजे १९११ ते १९१८ या काळाकडे, आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पुढच्या अनेक संहारांचे बीज त्याच काळात पेरले गेले.

आकाशातून मृत्यू बरसेल ही भीती विमानाहून जुनी आहे. राइट बंधूंचे उड्डाण १९०३ सालचे. परंतु १८९९ सालीच हेग येथे जमलेल्या राष्ट्रांनी बलूनमधून स्फोटके टाकण्यास पाच वर्षांची बंदी घातली होती. १९०७ साली ती पुढे चालू ठेवण्याचा प्रश्न आला, तेव्हा अनेक बड्या राष्ट्रांनी हात आखडता घेतला. शस्त्र हाती येण्याची चाहूल लागताच संयमाचे वचन ढिले पडले.

चारच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९११ रोजी, जुलिओ गावोत्ती या इटालियन लेफ्टनंटने लिबियात तुर्की छावणीवर आपल्या विमानातून चार लहान बाँब हाताने टाकले. हानी फारशी झाली नाही. मात्र खाली कोण आहे हे नीट न पाहताही वरून घाव घालता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा विमान हा प्रामुख्याने सेनापतीचा डोळा होता. पॅरिसवर चालून येणारे जर्मन सैन्य दिशा बदलून आग्नेयेकडे वळले आहे, ही वार्ता वैमानिकांनी आणली आणि मार्न नदीच्या लढाईत तिचा मोठा उपयोग झाला. शत्रूचा डोळा फोडावा म्हणून मग वैमानिक एकमेकांवर पिस्तुले व बंदुका झाडू लागले. १९१५ साली जर्मनांच्या फोकर विमानावर अशी योजना आली की फिरत्या पंख्याचे पाते समोर येताच मशीनगन क्षणभर थांबे. आता संपूर्ण विमानच बंदुकीसारखे रोखता येऊ लागले.

या आकाशात आपलीही मुले होती. आरंभी हिंदी तरुणांना वैमानिक अधिकारी म्हणून घेण्यास इंग्रज राजी नव्हते. हरदितसिंग मलिक फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवीत होते. त्यांच्यासाठी ऑक्सफर्डमधील त्यांचे कॅथलिक शिक्षक फ्रान्सिस अर्कहर्ट यांनी शब्द टाकला आणि १९१७ साली दार उघडले. इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेही त्या पहिल्या फळीतले. वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन जातीचे लढाऊ विमान चालवीत. जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवर गेलेले हे मराठी नाव परतले नाही. रॉय पुढच्याच महिन्यात, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, पडले. या तरुणांच्या शौर्याला उणे लेखण्याचे आम्हास कारण नाही.

परंतु त्याच काळात युद्धाने रणांगणाची वेसही ओलांडली होती. १३ जून १९१७ रोजी जर्मन गोथा विमानांनी भरदिवसा लंडनवर बाँब टाकले. १६२ माणसे मेली; त्यांत पॉप्लर भागातील एका शाळेची अठरा लेकरे होती, बहुतेक पाच-सहा वर्षांची. या हल्ल्यांनी इंग्लंड हादरले. अंतिमतः १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल स्थापन झाले, आणि जूनपासून जर्मनीतील लक्ष्यांवर बाँब टाकण्यासाठी त्याची वेगळी तुकडी सज्ज झाली. लेकरांच्या मरणातून निघालेला धडा विमाने आवरण्याचा नव्हता. अधिक विमाने बांधण्याचा होता.

लंडनच्या त्या हल्ल्यानंतर सातच आठवड्यांनी, १ ऑगस्ट १९१७ रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना शांतीचे आवाहन केले. शस्त्रे सर्वांनी मिळून कमी करावीत व तंटे लवादाकडे न्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. कोणीही ते मानले नाही. दुसऱ्या महायुद्धाने शहरेच्या शहरे बेचिराख केल्यावर, १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नि:संदिग्ध शब्दांत सांगितले की सरसकट नगरांचा विध्वंस हा परमेश्वराविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध आहे.

येथे आमच्यासमोर आपल्याच जिल्ह्यातील घरे उभी राहतात. निर्माणीत काम करून लेकरांना शिकवणारा बाप पापी नव्हे. देशाचे रक्षण हे कर्तव्यच आहे. त्या कामाची जोखीमही मोठी आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरला झालेल्या स्फोटाने किती चुली विझवल्या हे आपण जाणतो. दारूगोळा घडवणाऱ्याच्या घरी कोण रडते हे आपल्याला दिसते. तो जेथे पडतो तेथे कोण रडते, हे मात्र वरून दिसत नाही. ते पाहण्याची दृष्टी जागी ठेवणे, हे श्रद्धावंताचे काम आहे.

याच पोप बेनेडिक्टनी १९२० साली लोरेतोच्या पवित्र मरियेला वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी आकाशमार्गे लोरेतोला आणले, अशी परंपरा आहे. तेथे आकाशातून घर आले. आपल्या युगात आकाशातून घरे उद्ध्वस्त होतात. १० डिसेंबरला त्या मातेचा सण येतो. त्या दिवशी कुटुंबात रोझरी म्हणताना एक गूढ विमानातील मुलांसाठी आणि एक विमानाखालच्या मुलांसाठी अर्पण करावे, एवढीच आमची विनंती.