पॅकिंग : एका शब्दाचा आणि एका सांध्याचा इतिहास

स्वातंत्र्याच्या आगेमागे सुमारे दशकभर नागपुरात शब्द घडवण्याचा एक मोठा उद्योग चालला. डॉ. रघुवीर यांनी लाहोरची आपली इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ इंडियन कल्चर ही संस्था येथे आणली आणि संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या साहाय्याने शासन, शिक्षण आणि विज्ञान यांसाठी हजारो पारिभाषिक शब्द सिद्ध केले. १९५५ साली त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश याच शहरातून प्रसिद्ध झाला. परिभाषेच्या वादात रघुवीरांची ही रीत आणि तिची झालेली थट्टा, या दोहोंचाही उल्लेख हमखास होतो. परंतु मोटारदुरुस्तीच्या शेडांमध्ये दुसरी एक परिभाषा रुळत होती. तिला राजाश्रय नव्हता आणि संपादकही नव्हता. त्या परिभाषेतील एकच शब्द येथे तपासावयाचा आहे : पॅकिंग.

मोटारीच्या इंजिनात खाली ब्लॉक असतो, त्यातील नळकांड्यांत पिस्टन वरखाली होतात. वर हेड असते, ते या नळकांड्यांना झाकते. दोहोंच्या मध्ये जो पातळ, भोके पाडलेला थर बसवतात तो हेड गॅस्केट. मिस्त्रींच्या बोलीत हेडचे पॅकिंग. बोटभर अंतरावर एकीकडे दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेला वायू, दुसरीकडे थंडाव्याचे पाणी, तिसरीकडे वंगणाचे तेल. या तिघांना एकमेकांपासून वेगळे राखण्याचे काम या थराचे. पॅकिंग जळले की पाणी तेलात उतरते, तेल दुधाळ होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या आणि देशाचे उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात त्या नागपुरात हे काम मिस्त्रींच्या नित्याच्या ओळखीचे असावे, यात नवल नाही.

गॅस्केट हा शब्द मुळात खलाशांचा. गुंडाळलेले शीड आडव्या वाशाला बांधण्याच्या लहान दोरीला ते गॅस्केट म्हणत. पुढे बाष्पयंत्रांच्या पिस्टनभोवती तंतूंची वेणी चरबीत भिजवून ठासू लागले, तेव्हा दोरीचे नाव त्या वेणीला मिळाले आणि ठासण्याच्या क्रियेला पॅकिंग म्हटले गेले. नागपुरात रेल्वे १८६७ साली आली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे मोतीबागेत रेल्वेचा कारखाना उभा राहिला. बाष्पयंत्र चालवणाऱ्या अशा जागी ही ठासणी रोजची होती आणि मोटार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. तेव्हा जुन्या यंत्राच्या कामगारांचा शब्द नव्या यंत्राच्या कामगारांनी उचलला, असे मानणे स्वाभाविक ठरते. ज्याला आपण अपभ्रष्ट इंग्रजी समजतो, त्या शब्दात गॅस्केटच्या पूर्वेतिहासातील एक संपूर्ण टप्पा जपला गेला आहे.

सांधा बंद करण्याची द्रव्ये तर आपल्या फारच परिचयाची. वाफेच्या नळांचे सांधे शेंदूर आणि जवसाचे तेल यांच्या लेपाने बुजवीत. जवस हे विदर्भाचे जुने तेलबी, शेंदूर देवळातला. मोटारीच्या गॅस्केटला जे शेलॅक फासत, ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख : पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांची राळ. भारतातून निर्यात झालेली लाख युरोप-अमेरिकेतील गॅरेजांत डबाबंद होऊन वापरली गेली. लाखेला आपल्या साहित्यात महाभारतातील लाक्षागृहापासून जागा आहे. या कामासाठी मात्र तिची आठवण कोणी ठेवली नाही.

अ‍ॅम्बॅसडर (तिचे उत्पादन २०१४ साली थांबले) आणि फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, या गाड्यांच्या काळात पॅकिंग बसवण्याची एक शिस्त तयार झाली. दोन्ही पृष्ठे खरवडून स्वच्छ करावयाची; सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फिलरची पाती घालून वाक तपासावयाचा; वाक निघाल्यास हेडला फेसिंग मारून आणावयाचे; बोल्टांच्या भोकांत तेल वा पाणी साचू द्यावयाचे नाही, कारण बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो; आणि आवळणी मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत करावयाची. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चाळीस सेंटिमीटरचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड सत्तर अंशांनी तापले तर खालच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर अधिक लांब होते. हा रोजचा सरकता ताण पॅकिंगने सोसावयाचा असतो. म्हणूनच इंजिन एकदा तापवून, थंड करून, पुन्हा आवळण्याची प्रथा होती. हे सारे ज्ञान उस्तादाकडून पोऱ्याकडे, मराठी-हिंदी-उर्दूच्या मिश्र बोलीत, तोंडी गेले.

तोंडी परंपरेची मर्यादा मात्र वस्तू बदलली की उघडी पडते. १९९०च्या दशकापासून अनेक पदरी पोलादी गॅस्केटे प्रचारात आली. त्यांवर कारखान्यातच लेप असतो. उत्पादकाने सांगितले नसेल तर ती कोरडीच बसवावी लागतात. वर फासलेले द्रव्य येथे सांध्याला दगा देते. खरवडणीचे ओरखडेही त्यांना चालत नाहीत. अनेक इंजिनांचे बोल्ट ठरावीक अंशांनी फिरवून ताणावयाचे असतात आणि पुन्हा वापरावयाचे नसतात. काल जे कौशल्य होते ते आज चूक ठरते, आणि का ठरते हे सांगणारे पुस्तक इंग्रजीत असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जुन्या पॅकिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यांच्या मधे अ‍ॅस्बेस्टॉस असे. ते कोरडे खरवडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. तिचे परिणाम दशकांनंतर दिसतात. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला, आणि आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो निकाल नोंदणीकृत कारखान्यांच्या भाषेत बोलत होता. शेडमध्ये पृष्ठ खरवडणारा पोऱ्या त्या भाषेच्या बाहेर होता.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हा बलुतेदारांच्या व्यवहाराला आणि त्यांच्या शब्दांना ग्रंथात जागा मिळाली. नागपूरच्याच 'उद्यम' मासिकाने लहान उद्योगांची माहिती मराठी घरांत नेली. ही वाट पुढे रुंद झाली असती तर मोटारीच्या मिस्त्रीचा गावगाडाही कोणी लिहिला असता. रघुवीरांचा कोश संस्कृतप्रचुर होता म्हणून तो शेडपर्यंत पोहोचला नाही, हे अर्धेच सत्य आहे. त्यांचे टीकाकार तरी बोलीतील शब्द टिपण्यासाठी शेडपर्यंत कुठे गेले? एका पक्षाने शब्द वरून दिले, दुसऱ्याने त्यांची टिंगल केली. खाली चाललेल्या कामाला विचारले कोणीच नाही.

मराठीत परिभाषेचा इतिहास पुन्हा लिहावयाचा झाला, तर कोशांबरोबर गॅरेजेही त्याचे संग्रहालय मानावी लागतील. त्यासाठी घाई मात्र करावी लागेल. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडर यांची इंजिने उतरवलेले हात आता थकले आहेत, आणि शेंदूर, लाख, पॅकिंग या शब्दांमागची कामे त्या हातांबरोबरच जाणार आहेत.