वाळूंतून सुटका

गोल्फच्या खेळांत लांब फटका मारणाऱ्याची वाहवा होते. परंतु डाव बहुधा ठरतो तो ध्वजाजवळच्या आंखूड फटक्यांवर. वाळूच्या खड्ड्यांत पडलेला चेंडू पूर्वीं ‘निब्लिक’ दांड्यानें काढीत. त्याची पातळ धार वाळूंत रुते. अंतर्गोल मुखाचा दांडा निघाला, पण १९३१ सालीं तो नियमबाह्य ठरला. तेव्हां एका सुताराचा मुलगा जीन सॅराझेन यानें दांड्याच्या तळाला डाख देऊन जाडी आणली; तळ रुतेनासा झाला. १९३२ सालीं इंग्लंडांत सँडविच येथें त्यानें २८३ फटक्यांत ‘ओपन’ स्पर्धा जिंकली. १९३८ पासून अमेरिकेंत १४ च दांडे बाळगण्याचें बंधन आलें आणि निवडीला महत्त्व चढलें. मऊ वाळूंत रुंद तळ, कठीण जमिनीवर अरुंद! साधन बळ पाहून नव्हे, भूमि पाहून निवडावें, असें आम्हांस वाटतें.