पोटातल्या गाठीत केस आणि दात : करणीपासून सोनोग्राफीपर्यंत

स्त्रीच्या अंडाशयातून काढलेली गाठ कापून पाहिली आणि आत केसांचा पुंजका, लोण्यासारखा मेद व एखादा दात निघाला, तर नातेवाईक घाबरतात. आपल्या नगर जिल्ह्यात हळूच एक प्रश्न विचारला जातो, "डॉक्टर, हे बाहेरचं तर नाही ना?" अविवाहित मुलगी असेल तर कुजबूज आणखी वेगळी असते. म्हणून या गाठीचा इतिहास सांगतो. पूर्वीच्या काळी डॉक्टरांनाही हेच प्रश्न पडले होते आणि त्यांची उत्तरेही आपल्या गावातल्या उत्तरांपेक्षा फारशी वेगळी नव्हती.

आरोपी कोण?

युरोपात सतराव्या शतकापासून शवविच्छेदनात अशा गाठी सापडल्याच्या नोंदी आहेत. कारणे काय दिली जात? चेटूक, सैतानाशी संबंध, व्यभिचार, गिळलेले केस आणि दात! सगळा दोष त्या बाईच्या माथी.

१७८९ साली मॅथ्यू बेली या इंग्लंडमधील डॉक्टरने एक साधी गोष्ट दाखवून दिली. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीच्या अंडाशयात त्याला केस आणि दात असलेली गाठ आढळली. तिचे गर्भाशय अजून लहान मुलीसारखेच होते. म्हणजे पुरुषसंबंधाशिवाय, गर्भधारणेशिवाय ही गाठ होऊ शकते. एका अर्थाने वैद्यकशास्त्राने त्या दिवशी बाईची निर्दोष सुटका केली.

पुढे १८३१ मध्ये लब्लाँ याने 'डरमॉइड', म्हणजे त्वचेसारखी गाठ, हा शब्द वापरला. १८६३ मध्ये रुडॉल्फ विर्शो याने 'टेराटोमा' हे नाव दिले. त्यातील 'टेरास' या ग्रीक शब्दाचा अर्थ राक्षस. शास्त्र पुढे गेले, पण नावात जुनी भीती राहिली.

मग ही गाठ होते कशी?

आपण गर्भात असतानाच अंडाशय किंवा वृषणासाठी ठरलेल्या बीजपेशी तयार होतात आणि प्रवास करत आपल्या जागी पोहोचतात. या पेशींमध्ये शरीराचा कोणताही भाग बनवण्याची क्षमता असते. त्यातली एखादी स्वतःहून वाढू लागली, तर त्वचा, केस, दात, हाड, कधी थायरॉइडचा तुकडाही तयार होतो. १९७५ मध्ये डेव्हिड लिंडर आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रे तपासून दाखवले, की अंडाशयातील अशा साध्या गाठी त्या स्त्रीच्या स्वतःच्याच बीजपेशीपासून बनतात.

काही बीजपेशी वाटेतच अडकतात. म्हणून टेराटोमा छातीत, पोटाच्या मागच्या भागात किंवा नवजात बाळाच्या माकडहाडापाशीही आढळतो. लहान मुलाच्या भुवईच्या बाहेरच्या कोपऱ्यावरची डरमॉइड गाठ मात्र निराळी. चेहरा घडताना त्वचेचा थोडा भाग आत दबला जातो, तिथे ती होते.

नागपूर १९९९, बुलढाणा २०२५

याच्या जवळचा, पण फार दुर्मीळ प्रकार म्हणजे गर्भात गर्भ. नागपूरकडील एका माणसाचे पोट वर्षानुवर्षे फुगत गेले. लोक त्याला गरोदर म्हणून चिडवत. १९९९ मध्ये श्वास घेणे कठीण झाल्यावर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मुंबईच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांना मोठा ट्यूमर अपेक्षित होता. आत हातपाय आणि केस असलेला अविकसित गर्भ निघाला. अशा गर्भाला जुळे भावंड म्हणावे की सुघटित टेराटोमा, यावर मतभेद आहेत. पाठीचा कणा दिसला तर सहसा गर्भ मानतात.

२०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात एका गरोदर महिलेच्या सोनोग्राफीत हाच प्रकार बाळ पोटात असतानाच दिसला. जन्मानंतर अमरावतीत बाळावर शस्त्रक्रिया झाली. पहिल्याला छत्तीस वर्षे लागली, दुसऱ्याचे निदान जन्माआधीच झाले. फरक तपासणीचा आहे.

उपचारांची वाटचाल

१८०९ साली अमेरिकेत इफ्रेम मॅक्डॉवेल याने भूल न देता (तेव्हा भूलच नव्हती!) अंडाशयातील प्रचंड गाठ काढली आणि ती स्त्री पुढे अनेक वर्षे जगली. क्ष-किरण आल्यावर गाठीतला दात फोटोत दिसू लागला. आज सोनोग्राफी बहुतेक वेळा पुरते. गरज पडल्यास सीटी किंवा एमआरआय आणि रक्तातील एएफपी, बीटा-एचसीजी या तपासण्या करतात.

अंडाशयातील बहुतेक डरमॉइड साध्या असतात. कर्करोग शंभरात एखाद-दुसरीत. लहान गाठीवर नुसते लक्ष ठेवता येते. मोठी किंवा त्रास देणारी गाठ दुर्बिणीतून काढतात आणि तरुण स्त्रीचे अंडाशय शक्यतो वाचवतात. बाळाच्या माकडहाडाजवळची गाठ काढताना माकडहाडही काढावे लागते, नाहीतर ती पुन्हा होऊ शकते. वृषणातील कर्करोगी गाठींचे चित्र १९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन या औषधाने पालटले. आज त्यातले बहुतेक रुग्ण बरे होतात.

उशीर कुठे होतो?

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पोटाचे दुखणे बाई आधी बाईलाच सांगते, हे त्यांनी ओळखले होते. दुसरीकडे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणे गुन्हा आहे. तरीही गंडादोऱ्यात दिवस जातात, आणि या आजारात ते महाग पडतात.

लक्षात ठेवा :

- ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या : गाठीला पीळ पडलेला असू शकतो. सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. अंडाशय वाचणे तासांवर अवलंबून असते.
- पोट वाढतेय, जड वाटतेय : सोनोग्राफी करा. मुलगी अविवाहित असली तरी लाजू नका.
- मुलाच्या वृषणात न दुखणारी गाठ : लपवू नका.
- बाळाच्या नाकाच्या मुळाशी किंवा डोक्याच्या मधोमध गाठ : फोडू नका, दाबू नका. ती आत मेंदूपर्यंत गेलेली असू शकते.

आणि गाठीत केस, दात निघाले तर घरातल्या बाईकडे संशयाने पाहू नका. त्या गाठीचे बीज ती स्वतः आईच्या पोटात असतानाचेच आहे.