मोटारसायकलच्या विजेचा जमाखर्च

आपल्या मोटारसायकलवर जादा दिवा किंवा मोठा हॉर्न घरच्या घरीं बसविण्याची हौस आजकालचीच आहे, अशी कोणाची समजूत असल्यास ती इतिहासाला धरून नाहीं. या वाहनाच्या आरंभकाळीं दिवा ही बहुधा कारखान्यानें द्यावयाची वस्तूच नव्हती. तो निराळा विकत आणावा व मालकानें आपल्या हातानें हँडलपाशीं बसवावा, असा रिवाज होता. दिवा कार्बाइडचा असे. वरच्या कप्प्यांतील पाणी थेंबाथेंबानें कार्बाइडवर पडे, त्यांतून ॲसिटिलीन वायु निघे व तो पेटवितां पांढरा शुभ्र प्रकाश पडे. जत्रेंत असे दिवे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस तो उग्र वास आठवेल.

वीज गाडींत होती, पण ती केवळ ठिणगीपुरती. जर्मनींत बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यांनीं १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्याला बॅटरी लागत नसे. एंजिन फिरलें कीं ठिणगी पडे.

१९१४ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथील इंडियन कारखान्यानें ‘हेंडी स्पेशल’ ही गाडी बाजारांत आणली. तिला विजेचे दिवे तर होतेच, पण एंजिनहि विजेनेंच सुरू होई. कल्पना उत्तम, परंतु त्या काळच्या बॅटऱ्यांना हा भार सोसेना. त्या वारंवार रिकाम्या होऊं लागल्या आणि वर्षभरांतच ती गाडी बंद करावी लागली. पुढच्याच वर्षीं हार्ले-डेव्हिडसननें स्टार्टरचा मोह टाळून विजेचे दिवे तेवढे दिले, आणि ते टिकले. पुढें इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या लुकस कंपनीनें मॅग्नेटो व डायनॅमो एकत्र जोडून ‘मॅगडायनो’ काढला. त्याची वीज सहा व्होल्टची व थोडकीच. पण दिव्यांची बॅटरी बसली तरी मॅग्नेटोची ठिणगी चालूं राही आणि स्वार, अंधारांत कां होईना, घरीं पोंचे.

आजच्या गाडीला ही सवलत उरलेली नाहीं. भारतांत एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा एंजिन चालूं असेपर्यंत जळतच राहतो. २०२० च्या प्रदूषणविषयक नियमांनंतर बहुतेक मोटारसायकलींत इंधनहि विजेच्या पंपानें जातें. अशा गाडीवर कोणी ५५ वॅटचे दोन दिवे चढवितो. ११० वॅटांना १२ व्होल्टांनीं भागिलें, तर नऊ अँपियरांहून अधिक प्रवाह होतो. शहरांत गर्दीमुळें एंजिन मंद चालतें, वीज कमी निर्माण होते आणि तूट बॅटरींतून भरली जाते. दिवा त्या वेळीं झगझगीत लागतो, म्हणून शंका येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र गाडी हूं कीं चूं करीत नाहीं. हेंडी स्पेशलची कथा ती हीच!

तेव्हां हौशी मनुष्यानें प्रथम गाडीच्या पुस्तिकेंत वीजनिर्मितीचे वॅट पाहावे, त्यांतून मूळचा खर्च वजा करावा व मगच दिवा निवडावा. मूळच्या स्विचच्या बारीक तारेवर सगळा भार टाकूं नये. ती तापते व तिचें वेष्टण वितळतें. बॅटरीपासून योग्य जाडीची निराळी तार आणावी, फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ बसवावा आणि मध्यें रिले घालावा. रिलेला चालविणारी बारीक तार किल्लीच्या पलीकडच्या जोडणीवरून घ्यावी, म्हणजे किल्ली काढतांच जादा दिवेहि विझतात.